हेतू: अस्पष्ट

फारूखला आपल्याकडून नेमकं काय हवंय, हे चौदा गुरुवार उलटले तरी सुदर्शनरावांना कळत नव्हतं आणि त्यांचं डोकं उठलं होतं.

पस्तीस वर्षं परराष्ट्र सेवेत काढलेला माणूस. शेवटची नेमणूक पेरू देशात, राजदूत म्हणून. आई सारजाबाई करमाडात ऐटीत सांगायची, "पोरगा पेरूत राजदूत हाय," आणि निम्म्या गावाला वाटायचं, सुदर्शन पेरूच्या बागेत ‘राजदूत’ फटफटी फिरवतो. निवृत्त होऊन त्यांनी हर्सूलला घर केलं, तोवर मात्र सगळ्यांना सगळं समजलं होतं. कुणी बदलीसाठी यायचं, कुणी व्हिसासाठी, कुणी जावयाला कुठंतरी चिकटवायला. ख्यालीखुशाली संपली की खिशातून कागद निघायचाच.

फारूखचा कागद काही निघेना. हा शाळेतला मित्र, शहागंजात घड्याळांचं दुकान. दर गुरुवारी स्कूटरवरून यायचा, बशीत ओतून चहा प्यायचा, तासभर इकडचं तिकडचं बोलायचा आणि उठायचा. इतका साधा माणूस असूच शकत नाही, असं सुदर्शनरावांचं पक्कं मत. नोकरीतल्या सवयीनं ते प्रत्येक भेटीचं टिपण वहीत लिहीत. विषय: शाळेचे मास्तर, गुडघेदुखी. हेतू: अस्पष्ट.

एकदा त्यांनी गळ टाकून पाहिला. "तुझ्या नातीचा, निलोफरचा, पासपोर्ट अडलाय का रे?"

"तिचा? कवाच आला की घरपोच."

म्हणजे काम याहून मोठं होतं. संशय आणखीच बळावला.

पंधराव्या गुरुवारी ते फोन घ्यायला आत गेले आणि वही टेबलावरच राहिली. परत येतात तर फारूख चष्मा लावून ती वाचत बसलेला. सुदर्शनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हेतू म्हंजी काम ना रे?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याचीच जास्त लाज वाटली.

"व्हय," सुदर्शनराव म्हणाले. "काय काम हाय तुझं? सांगून टाक एकदाचं."

"तू इचारायची वाट बघत व्हतो."

"काय इचारायची?"

"तुझी माय कशी गेली ते. तीन साल झाले. दवाखान्यात मी व्हतो बाजूला. तू तेरवीला आला, पाव्हण्यात बसला, गेला. म्हनलं, आता कायमचा आलाय, इचारंल कवातरी. आपून होऊन कसं काढावं?"

सुदर्शनरावांच्या मनात तीन वर्षं एकच सल होता. "मला कुनी येळेवर कळवलं नाय, फारूख. आवाज तरी ऐकला असता तिचा."

"सकाळचे आठ वाजले व्हते. मी मोबाइल काढला. ती म्हनली, तू घड्याळवाला, सांग तिकडं किती वाजले? म्हनलं, रातचे साडेनऊ. तर म्हनली, दमून झोपला असंल लेकरू, नको उठवू. मी लई सांगितलं. माझा हात धरून ठेवला तिनं. नऊला गेली. फोन मी केला नाय, हे तुला सांगायचं व्हतं."

सुदर्शनराव खुर्चीत बसले. त्या साडेनऊला ते लिमात एका मंत्र्याच्या मेजवानीला होते. फोन खिशात चालू होता.

"जागा व्हतो रे मी," ते म्हणाले. "जेवत व्हतो."