बीसीसीतली माणसं

"ताई, माझं नाव काढून टाका. आत्ताच, माझ्यासमोर."

ज्योतीराम उभ्याउभ्याच बोलत होता. उजवा हात पँटच्या खिशात. चाकणला प्रेस मशीनखाली त्याची दोन बोटं गेली, त्याला वर्ष झालं. अशा बोटं गमावलेल्या कामगारांसाठी चिंचवडला आमची छोटी संस्था आहे. मी तिथली कारकून. रविवारच्या मेळाव्याचा मेल मीच सकाळी सगळ्यांना पाठवला होता.

"का रे बाबा? काय पाप केलं मी?"

"माझा चुलतभाऊ रोहिदास इकडंच कंपनीत हाय. त्याला कुणी हे मेल दाखवलं अन् त्यात माझं नाव दिसलं, तर संध्याकाळपर्यंत गावात समजंल. मायला अजून सांगितलं नाही मी. वर्ष झालं, गावाकडं गेलो नाही. व्हिडिओ कॉलवर हा हात कधी वर घेतला नाही."

मी वैतागले. अकरा वर्षांत या कामात मी एकदाच चुकले आहे. पहिल्याच महिन्यात सगळे पत्ते उघड्यावर टाकले आणि त्या यादीपायी एका पोराचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून 'टू'च्या रकान्यात फक्त संस्थेचा पत्ता, बाकी सगळे बीसीसीत, म्हणजे कुणाला कुणाचं नाव दिसत नाही. पाठवायच्या आधी दोनदा तपासते. एखादे दिवशी देवापुढे दिवा लावायला विसरेन, पण हे नाही.

त्याला त्याच्याच मोबाइलवर मेल उघडायला लावला. "बघ, कुणाकुणाचं नाव दिसतंय?"

"संस्थेचं. अन् माझं."

"तुझं फक्त तुला दिसतं. दुसऱ्याला त्याचं."

तो थोडा सैलावला. मग हळूच म्हणाला, "असे किती जण हाएत, ताई?"

मी स्क्रीनवरच्या यादीवर फाइल आडवी धरली आणि फक्त खालचा आकडा दाखवला. एक हजार एकशे सेहेचाळीस.

त्याने तो दोनदा वाचला आणि खुर्चीत बसला. "मला वाटलं, दहाबारा असतील," तो म्हणाला. "म्हणजे कंपनीच्या बसमधी, कँटीनमधी, माझ्या शेजारीच असतील की."

रोज बघून बघून मला त्या आकड्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्याचा चेहरा बघितला आणि मीही तो पुन्हा वाचला. एवढी माणसं एकाच रस्त्याने कामाला जातात, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच.

तो गेल्यावर मी यादी खाली सरकवली. रोहिदास तीनशे बाराव्या क्रमांकावर होता. दीड वर्षापूर्वी तोही याच खुर्चीत बसून म्हणाला होता, "आमच्या ज्योतीरामला कळू देऊ नका, ताई. त्यो लगेच गावाला सांगंल." माझी जीभ नुसती वळवळत होती. पण एकाचं गुपित दुसऱ्याला सांगायला मी कोण? दोघांना वेगवेगळा फोन करून एवढंच सांगितलं, रविवारी नक्की ये.

रविवारी कासारवाडीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ज्योतीरामशेजारच्या खुर्चीवर मात्र मी माझी पर्स ठेवली होती. तेवढं पाप मी केलं.

प्रास्ताविक संपलं आणि टाळ्या पडल्या. या माणसांच्या टाळ्यांचा आवाज जरा बोदा असतो. एवढ्या जणांच्या मिळून तो मी कधी ऐकला नव्हता.

रोहिदास उशिरा आला. मी पर्स उचलली, तो बसला, आणि मग त्याने शेजारी पाहिलं.

"कवापासून?" त्याने विचारलं.

"वर्ष झालं. अन् तू?"

"दीड."

पुढचा सगळा वेळ दोघं समोर बघत बसले. हात मात्र कुणाचेच खिशात नव्हते.

सभा संपल्यावर दोघं माझ्या टेबलापाशी आले. ज्योतीरामने मायला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल रोहिदासकडे दिला. रोहिदासने तो उरलेल्या बोटांत नीट धरला. ज्योतीरामने दोन्ही हात वर केले.

त्याची माय, यशोदाबाई, मोबाइलच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "घास धरता येतो का रं?"