कऱ्हाड ते कवलापूर, बावीस मिनिटं

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात उसावर औषध फवारणारं दोन माणसांचं विमान कऱ्हाडच्या धावपट्टीवरून कवलापूरच्या धावपट्टीवर ये-जा करी. पलटणीतून पेन्शनीत निघालेले कुंडलचे लालासाहेब फवारणीच्या वेळी बांधावर निशाण धरायच्या कामावर होते, आणि त्या दिवशी कऱ्हाडहून विमानात बसून यायची त्यांची पहिलीच खेप होती; म्हणून त्यांची बायको शालूबाई सकाळीच कवलापूरला येऊन, पट्टीवर राखणीला असलेल्या आपल्या भावाच्या, नाथाजीच्या खोलीत बसून राहिली होती. कऱ्हाडहून विमान सुटल्याचा फोन आला की नाथाजी पट्टीवरची गुरं हाकायचा. हवेतून अंतर चाळीस मैल, वेळ बावीस मिनिटं. यष्टीला तीन तास.

दहा पाचला फोन आला, दहा सत्तावीसला विमान टेकलं. लालासाहेब उतरून बायकोसमोर उभे राहिले आणि बराच वेळ तिच्याकडे बघून म्हणाले, "लय दिस वाट बघितलीस गं."

ती हसली, पण त्यांच्या हातातली पिशवी घेताना ते हसू मावळलं. आदल्या सांजेला दारात चेंगरून त्यांच्या अंगठ्याचं नख उपसून निघालं होतं, तिनंच हळद दाबून चिंधी बांधली होती. आता चिंधी नव्हती. नख पुरतं वाढलेलं, नीट कापलेलं होतं.

"आवं, ह्ये कवा बरं झालं?"

"झालं कवाच," म्हणत त्यांनी हात मागं घेतला.

तिनं पायलटला गाठून, वाटेत कुठं उतरला होता का, म्हणून विचारलं. "बावीस मिनिटांत कुठं उतरणार, बाई?" तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

त्या दिवसापासून लालासाहेबांचं घरात चित्त लागेना. मूलबाळ नसलेलं दोघांचंच घर. तरी जेवताना ते भाकरीचा मऊ पापुद्रा काढून ताटाच्या कडेला ठेवत, आणि मग दचकून स्वतःच खाऊन टाकत. भरदुपारी अंगणात येरझाऱ्या घालत. आभाळात घरघर झाली की अनवाणी बाहेर धावत. आठवडाभरानं कऱ्हाडला परत जाणाऱ्या विमानात ते बसायला निघाले, तेव्हा पट्टीवर शालूबाईनं त्यांची बाही धरली.

"नगा जाऊ."

"न्हाई जाऊन कसं भागंल? तिकडं..." एवढं बोलून ते थांबले, बाही सोडवून घेतली आणि वर चढले.

नाथाजीच्या खोलीत ती घड्याळाखाली बसली. उठली, दारात गेली, पुन्हा बसली. शेवटी फोन वाजला. नाथाजी ऐकत राहिला आणि त्यानं रिसीव्हरवर तळवा दाबला.

"आक्का, दाजी उतरलं. पर संगं चार वर्साची पोरगी हाय म्हनत्यात. हितनं तर दोघंच बसलं की गं!"

नाथाजीनं फोन पुन्हा कानाला लावला.

"लय रडतीया. आई पायजे म्हनती. आईचं नाव शालूबाई सांगतीया."

कोण, कुठली, असं तिनं काही विचारलं नाही. पदर खोचून ती यष्टीसाठी दाराकडे निघाली होती.

"तिला सांग, येसू, रडू नगं म्हनावं. आलेच मी."

नाथाजी तिच्याकडे बघतच राहिला. पोरीचं नाव फोनवर अजून कोणीच सांगितलं नव्हतं.