खुंटीवरचा ॲप्रन

मित्रांनो, मी एक जुना पांढरा ॲप्रन आहे आणि मी रागावलो आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावे म्हणतात, पण आज मला ते जमणार नाही.

आकुर्डीच्या एका शिंप्याने मला श्रद्धासाठी शिवले. तेव्हा ती फार्मसी शिकत होती. प्रयोगशाळेतला जांभळा डाग अजून माझ्या बाहीवर आहे आणि खिशावर तिचे नाव रेशमाने काढले आहे. पास झाल्यावर ती पिंपळे सौदागरला रणजीतशेटच्या मेडिकलमध्ये लागली. रावेतच्या एका वृद्धाश्रमाची सगळी औषधे तिथूनच जात. श्रद्धा प्रत्येक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाही, शंका आली की त्यांना फोन लावी. आश्रमातल्या भिमाबाई तर तिच्याशिवाय कुणावर विश्वास ठेवत नसत. ते दिवस आठवले की माझी कॉलर ताठ होते.

पुढे तिला चाकणच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. ती गेली, तिचे नाव मात्र दुकानातच राहिले. फार्मासिस्टशिवाय परवाना टिकत नाही, म्हणून शेट तिला नावाचे भाडे देऊ लागला. भिंतीवर तिचे प्रमाणपत्र, बिलांवर तिची आगाऊ सही आणि खुंटीवर मी. गोळ्या कोण देणार? भैरू! त्याने आजवर हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकले होते. तपासणी असली की कुणीतरी आधीच कळवायचे. मग मला इस्त्री व्हायची, श्रद्धा रजा टाकून यायची, साहेब चहा पिऊन जायचे. आश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जिवाशी हा खेळ चालला होता आणि कुणालाच त्याची लाज वाटत नव्हती.

गेल्या महिन्यात भैरूने भिमाबाईंसाठी रक्तदाबाची दुप्पट ताकदीची गोळी पाठवली. नाव तेच, पाकीटही तसेच. भिमाबाईंना चक्कर आली, त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. आश्रमाने तक्रार केली. या वेळी औषध निरीक्षक बाई न कळवता आल्या.

शेटने घाईघाईने मला भैरूच्या अंगात कोंबले. माझ्या बाह्या त्याच्या कोपराखालीच संपल्या.

"फार्मासिस्ट कुठे आहेत?" बाईंनी विचारले.

"आत्ताच चहाला गेल्यात, मॅडम," शेट म्हणाला.

बाईंनी माझ्या खिशावरचे नाव वाचले. "आणि जाताना ॲप्रन यांच्या अंगात घालून गेल्या का?"

मला असा आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. पण परवाना निलंबित झाला तो थोड्या दिवसांसाठी. थोडे दिवस! तेवढ्यात भिमाबाईंचा खुबा तरी जुळतो का?

श्रद्धा मला दुकानातून घेऊन गेली आणि तशीच आश्रमात आली. खाटेशी बसून रडत म्हणाली, "आजी, मी दुकानात नसायचेच हो."

"पर बिलावर तुजंच नाव असायचं की," भिमाबाई म्हणाल्या. "म्हून तर डोळं झाकून घेत हुते मी. मंग माज्या गोळ्या बघत कोन हुतं, पोरी?"

श्रद्धा मला मुठीत पिळत राहिली.

मित्रांनो, आजीआजोबांची औषधे आणायला गेलात की पांढऱ्या कपड्याला भुलू नका. फार्मासिस्ट कोण आहे, ते विचारा. कुणी हसले तरी विचारा. भिमाबाईंना उत्तर मिळाले नाही, म्हणून मीच सांगतो. त्यांच्या गोळ्या बघायला तिथे फक्त मी होतो, आणि मी कापड आहे.