कोरस जरा कमी

"हा सूर आहे की रजई?" रेकॉर्डिस्टने विचारलं. "बाई, अजून किती जाड करणार?"

बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सिंथेसायझरवरचं कोरसचं बटण आणखी जरा उजवीकडे फिरवलं. सकाळपासून त्यांच्या पायांना भिंगरी लागली होती. बसत काय होत्या, उठत काय होत्या, लावलेली वायर काढून पुन्हा तिथेच लावत काय होत्या. एवढी वर्षं या धंद्यात गेली, पण असं कधी झालं नव्हतं. कारण एकच. काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर व्हायोलिन घेऊन उभे होते ते मास्तर, म्हणजे बाईंचे यजमान. फार दिवसांनी ते स्टुडिओची पायरी चढले होते, आणि त्यांना चढवलं होतं बाईंनीच.

झालं होतं असं, की संगीतकार सहज बोलून गेला होता, "यावर एक खरं व्हायोलिन असतं तर!" आणि बाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "आमचे हे आहेत ना." बोलून बसल्या आणि तेव्हापासून जीव टांगणीला लागला.

मास्तरांच्या डाव्या हाताची करंगळी आखडली होती. वरच्या सुरांवर जाताना ती केसभर अलीकडेच टेके आणि सूर खाली लागे. मास्तरांना ते मुळीच कळत नसे. कधी कानावर आलंच, तर तारा जुन्या झालेल्या असत, नाहीतर हवा दमट असे, आणि काहीच नसलं तर शेजाऱ्यांचा मिक्सर असेच. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बाईंच्या ओठांपर्यंत यायची आणि तिथूनच मागे फिरायची. लेक फोनवर म्हणाली होती, "आई, एकदाचं सांगून टाक ना बाबांना." बाई म्हणाल्या, "काय सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ झाकायला कोरस होता. कोरस म्हणजे दुसरं काय? तो एका सुराच्या तीनचार नकला करतो. एक जराशी उशिरा येते, एक किंचित वर, एक किंचित खाली, आणि सगळ्या सतत हलत्या. कानाला वाटतं, बरेच जण मिळून वाजवताहेत. सुराची कड पुसट होते. मग शेजारचा सूर थोडा घसरला, तरी तो चुकलाय की त्या गर्दीतलाच एक आहे हे कोणाला सांगता येत नाही. मास्तर रोज संध्याकाळी रियाजाला बसत, बाई साथीला बसत, आणि नवऱ्याला त्या गर्दीत लपवत.

"अगं, तुझा खोका तापला का?" स्पीकरमधून मास्तरांचा आवाज आला. "की अजून वेळ आहे?"

सिंथेसायझरला ते खोकाच म्हणत. एके काळी अशाच स्टुडिओत सोळा व्हायोलिनं बसायची, त्यांतले मास्तर एक. मग एक तरुण पोरगी खोका घेऊन आली, आणि हळूहळू सोळाच्या सोळा खुर्च्या उचलल्या गेल्या. त्याच पोरीशी मास्तरांनी लग्न केलं. "शत्रूला घरातच आणून ठेवलं, म्हणजे नजरेसमोर राहतो," असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत, बाईही हसत.

"तयार आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही सुरू करा."

मास्तरांनी गज टेकवला. खाली बाईंचा सूर पसरला आणि त्यावरून व्हायोलिन निघालं. वरच्या जागा आल्या तशी बाईंनी मान खाली घातली आणि दुसऱ्या हाताने कोरस आणखी वाढवला. व्हायोलिन आत बुडालं, हललं, तरून गेलं. शेवटचा सूर विरला.

"वा, मास्तर!" संगीतकार उठून उभाच राहिला. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण तो पुरता पडतोय न पडतोय तोच संगीतकार म्हणाला, "व्हायोलिन छान आलंय. मागचा सूर मात्र फारच डुलतोय, बोटीत बसल्यासारखं होतंय. कोरस काढून ऐकू या का?"

"नको!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या, की रेकॉर्डिस्टने मान वळवली. आजवर बाई कोणाच्या अध्यात नव्हत्या की मध्यात. "म्हणजे, कोरडं होईल ते. सगळी मजाच जाईल."

"अहो, नुसतं ऐकून तर बघू."

बाईंनी वाजवलेलं कॉम्प्युटरमध्ये साठलेलं होतं, कोरस मागाहूनही काढता येत होता. रेकॉर्डिस्टने तो काढला आणि गाणं पुन्हा लावलं. खालचा सूर आता स्वच्छ, सरळ होता. त्याच्यावर व्हायोलिन चढत गेलं, आणि वर पोचताच दातांत खडा यावा तसं झालं.

रेकॉर्डिस्टने गाणं थांबवलं.

"मास्तर खाली लागताहेत," संगीतकार हळूच म्हणाला.

"वरचे सगळेच," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "कॉम्प्युटरवर ओढून घेतो जागेवर. काय कळतंय कोणाला!"

"घ्या," बाई म्हणाल्या. "पण ह्यांना सांगू नका. मी पाया पडते तुमच्या, एवढं मात्र सांगू नका."

तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या तांबड्या दिव्याकडे गेली. आतल्या माणसाशी बोलायचं बटण कोणीतरी दाबलेलंच ठेवलं होतं. काचेपलीकडे मास्तरांनी हेडफोन काढला, नीट माइकच्या दांडीला अडकवला आणि व्हायोलिन काखेत धरून ते दाराकडे निघाले.

"पुन्हा लावा," आत येताच ते म्हणाले.

"अहो, कशाला उगाच..."

"लावा म्हटलं ना."

गाणं लागलं. मास्तर उभ्यानेच ऐकत होते. वरच्या जागा आल्या आणि त्यांचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. मग त्यांनी तेच कोरस घालून लावायला सांगितलं. तेही पुरतं ऐकलं.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"उगाच साळसूदपणा करू नकोस."

"वर्ष होईल," बाई म्हणाल्या. मान वर करायची त्यांची छाती होत नव्हती.

"मला वाटलं, तुझे कान गेले," मास्तर म्हणाले. "रोज एवढा कोरस ओततेस, म्हटलं, हिला बारीक काही ऐकू येत नसणार. वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही."

बाईंना हसू आलं आणि त्याच दमात रडूही. भल्या माणसा, वर्षभर तू मला सांभाळत होतास! त्यांना फार वाईट वाटलं, आणि इतकं प्रेम त्यांना या माणसाबद्दल कैक वर्षांत वाटलं नव्हतं.

"मास्तर, जरासं सरळ करून घेऊ," संगीतकार म्हणाला. "आजकाल सगळेच करतात."

"नको. जे मी वाजवलंच नाही, ते माझं कशाला म्हणायचं?" मास्तरांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. "हिलाच वाजवू दे. खोक्यात व्हायोलिन आहे ना गं?"

"आहे. पण..."

"मग बस."

बाई बसल्या. मास्तर खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि वाकून त्यांनी कोरस साफ बंद केला. बाईंनी एक सूर वाजवला. "हे फारच शहाणं झालं," ते म्हणाले. मग त्यांनी बटण जरासं फिरवलं, थांबले, पुन्हा किंचित मागे घेतलं. "इतकाच."

"इतकाच का, मास्तर?" संगीतकाराने विचारलं.

"आम्ही सोळाजण बसायचो ना, तेव्हा इतकेच चुकायचो."

बाई वाजवू लागल्या. "इथे घाई नको," मागून मास्तर पुटपुटले, आणि पुढे, "इथे श्वास घे." मग बोलणं थांबलं. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा डावा हात टेकला होता आणि बोटं चालत होती. प्रत्येक सूर बाईंना आधी पाठीत कळत होता. तीन बोटं घट्ट दाबत होती, करंगळी नुसतीच टेकत होती.

"झालं," संगीतकार म्हणाला. "बाई, झालं, मिळालं मला."

मागची बोटं अजून चालत होती. बाईंनी हात उचलला नाही.