पहिलीच्या मापाचा गाऊन

मी डमी बोलतेय. शिवणकामाच्या दुकानात काचेशी एका लोखंडी पायावर उभी असते ना, तीच. मला डोकं नाही, तेव्हा फार शहाणपणाची अपेक्षा ठेवू नका. पण छातीला आणि कमरेला स्क्रू आहेत. ते फिरवले की मी कुठल्याही बाईच्या मापाची होते, आणि तसं झालं की तिचं निम्मं मन मला कळतं.

माझा पहिला मालक म्हातारा शिंपी. निम्म्या टाचण्या माझ्या खांद्यात खुपसायचा, उरलेल्या दातात धरून गिऱ्हाइकांशी बोलायचा. तो गेल्यावर दुकान आणि मी, दोघंही त्याच्या मुलीकडे आलो. तिला सगळे ताई म्हणतात.

ताई लग्नाचे गाऊन शिवते. कितीतरी नवऱ्या तिच्या हातून सजून चर्चला गेल्या, आणि ही चाळिशीला टेकली. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझं काय, माझं छान चाललंय." साफ खोटं. गाऊनला शेवटचा टाका घालून झाला तरी तिचा हात माझ्या खांद्यावरून निघत नसे.

शनिवारी दुपारी चर्चमधल्या लग्नाच्या मुली इथे जमतात. ताई त्यांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, बायकांबद्दल सांगते. रूथ शेतात राबता राबता शेताच्या मालकाच्या, बवाजाच्या नजरेत भरली, म्हणून हातचं काम सोडू नका. लेआनं याकोबाची नावडती बायको असूनही संसार केला, म्हणून धीर धरा. मुली माना डोलावतात आणि गुपचूप मोबाईल बघतात.

शेवटी ताईचं जमलं. नवरा मुलगा म्हणजे चष्म्याच्या दुकानाचा मालक. विधुर, अबोल. सगळं त्याच्या आईनंच ठरवलं. आमच्या चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. पहिली झाली आणि होणाऱ्या सासूबाई एक पेटी घेऊन आल्या. आत पहिल्या सुनेचा गाऊन.

"नवा कशाला शिवतेस? हाच घाल, त्यालाही बरं वाटेल. फक्त शिवण उसवू नकोस हं, आठवण आहे ती."

गाऊन ताईला लहान होता. बाजूला पट्टी जोडणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. पण तिनं कात्री उचललीच नाही. माझे स्क्रू करकचून आवळले, मला त्या गेलेल्या बाईच्या मापाची केली, आणि स्वतः जेवण सोडलं. कपडा अंगाला बसवायचा असतो, अंग कपड्याला नाही, असं गिऱ्हाइकांना बजावणारी ही बाई. माझा जीव गुदमरत होता, पण सांगणार कशी?

दुसरी घोषणा झाली. तिसरी उद्यावर आली. त्या शनिवारी ताई पुन्हा लेआबद्दल सांगत होती. गाल बसले होते. मुलींमध्ये एक नर्स आहे. ती बराच वेळ ताईकडे बघत होती.

"ताई, लेआला कुणी विचारलं होतं का?"

"म्हणजे?"

"याकोबाला हवी होती धाकटी बहीण राहेल, बापानं तोंड झाकून तिच्या जागी हिला पाठवली. त्याला सकाळी कळलं. लेआचं म्हणणं कुणी ऐकलं? रिबकाला मागणी आली तेव्हा निदान घरच्यांनी विचारलं, जातेस का म्हणून. तुम्हीच शिकवलंत."

ताई काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई आणि चष्मेवाला, गाऊन बघायला.

माझ्या अंगावरून गाऊन उतरला, ताई आत जाऊन घालून आली. चेन पाठीवर अडकली होती. "श्वास आत घे," असं म्हणत सासूबाईंनी ती ओढली. चेन बसली. ताईचे ओठ पांढरेफटक पडले. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. नर्स उठून उभी राहिली.

ताई त्याच्याकडे वळली. "तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत, म्हणून मीच विचारते. तुम्हाला मी हवी आहे, की त्या परत यायला हव्यात?"

"असलं विचारतात का कुणी?" सासूबाई म्हणाल्या.

त्यानं चष्मा काढला. पुसत राहिला. मला वाटलं, आता तुम्हीच हव्यात म्हणेल, म्हण रे बाबा.

"खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "आत्ता तुम्ही बाहेर आलात तेव्हा मला तीच दिसली. तुमच्याकडे मी बघितलंच नाही."

"मग उद्याची घोषणा थांबवू या." ताईचा आवाज फाटला, पण शब्द पुरे झाले.

ते गेल्यावर नर्स रडकुंडीला आली. "माझ्यामुळे झालं, ताई."

"नाही गं." ताई माझ्या पायाशी जमिनीवरच बसली. "पण मला लग्न करायचं होतं. अजूनही करायचंय. तुम्हाला धीर धरा म्हणत राहिले आणि स्वतः काही नकोच असल्यासारखी वागले. हन्ना बघा, तिला मूल हवं होतं, तर मंदिरात देवाकडे रडून मागत होती. याजकाला ती प्यायलेली वाटली, तरी मागत राहिली." आणि मग मुलींदेखत ती ओक्साबोक्शी रडली.

त्याला काही वर्षं झाली. आता माझा कापूस बाहेर येतोय, कमरेचा स्क्रू गंजलाय, लवकरच अडगळीत जाईन. ताईचं लग्न अजून झालेलं नाही. पोरींनो, तुमचं व्हावं, थाटात व्हावं. पण तुम्हाला कुणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा, उत्तर काहीही येवो. ताई रोज सकाळी दुकान उघडते आणि माझ्याशेजारी उभी राहून, लाज न बाळगता, मोठ्यानं देवाकडे नवरा मागते. मीही तिच्याबरोबर आमेन म्हणते.