रस्त्याच्या मधोमध

"बाबा, चावी द्या इकडे," शेजारी बसलेली लेक लिझेट म्हणाली. "उतरा खाली."

गार्नेटने गाडी बंद केली. ती रस्त्याच्या अगदी मधोमध तिरकी उभी होती. समोरून आलेली शाळेची बस कशीबशी निसटून गेली होती. मागच्या सीटवर त्याची नात ब्री हॉकीच्या सामानाची पिशवी कवटाळून बसली होती.

आज कचऱ्याचा वार. घराघरासमोर काळ्या पिशव्या मांडलेल्या. तो सैन्यात होता तेव्हा कंदाहारला बॉम्ब रस्त्याच्या कडेलाच, अशा पिशव्यांत पेरलेले असत, म्हणून गाडी मधून हाकायची. अशाच एका पिशवीने त्याच्या तुकडीतल्या जोडीदाराचा, ऑडेटचा जीव घेतला होता.

परतल्यापासून तो रोज गांजा ओढायचा, तोही डॉक्टरच्या चिठ्ठीवर, राजरोस. ओढला की झोप लागायची, स्वप्नं पडायची नाहीत. मग लिझेटने अट घातली: गांजा सुटेपर्यंत ब्री तुमच्या गाडीत बसणार नाही. नातीला सरावाला नेण्यासाठी म्हाताऱ्याने तोही सोडला. आणि स्वप्नं सव्याज परत आली. क्लिनिकातली नर्स म्हणाली, "दाबलेलं उसळतंच. दम धरा, ओसरेल." दम धरा म्हणणाऱ्यांचं काय जातं? घामाने भिजलेल्या चादरी त्यांना बदलाव्या लागत नाहीत.

"ओढत होतो तेव्हा म्हणालीस, नशेत असता. सोडला तर हे," गार्नेट म्हणाला. "आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. माणसाने करायचं तरी काय?"

"तुम्ही सोडलात, ते मला दिसतंय, बाबा."

"काय दिसतंय तुला? डोंबल."

"आत्ता बस अंगावर येताना दिसली ना. माझी पोर मागे बसलीय."

तो आणखी भडकला. त्याने स्टिअरिंगवर मूठ हाणली. भोंगा वाजला आणि ब्री दचकली. खांदे वर, मान आत. तो स्वतः असाच दचकत असे.

त्याने चावी लिझेटच्या हातात ठेवली. उतरून ब्रीची पिशवी खांद्यावर घेतली.

"हॉकीची रिंक इथेच आहे. चालत नेतो. का तेही नको?"

लिझेटने होकारार्थी मान हलवली.

राग काही गेला नव्हता. जबडा दुखेपर्यंत दात आवळलेले होते. दोघं फुटपाथवर चढली. ब्री कडेने चालू लागली, तसं त्याने तिला दंडाला धरून आतल्या बाजूला, घरांकडे घेतलं. कचऱ्याच्या पिशव्यांच्या बाजूने तो स्वतः चालू लागला. दर पिशवीपाशी अंग आक्रसायचं, पाय रेंगाळायचा, पुन्हा पुढे पडायचा.

"आजोबा, इतका हळू का चालतोस?"

"पिशवी जड आहे गं."

ब्रीने हात वर करून पिशवीचा एक बंद धरला.