एकटीने वल्हवलेली होडी

कल्पिताने बर्फाची लादी जमिनीवर आपटली. ती एका फटक्यात फुटली, तरी तिने तुकडे उचलून पुन्हा आपटले. काही उडून शेजारच्या रोशनीकाकीच्या कोळंबीवर पडले. रोशनीकाकीने ते नीट पसरून घेतले. फुकटचा बर्फ कोण सोडतं?

"बर्फानं काय घोडं मारलं तुझं?" तिने विचारलं.

कल्पिताने आणखी एक तुकडा आपटला. चारकोपच्या मच्छीबाजारात दारापासून तिसरी जागा तिच्या आईची, सरूबाईची. नऊ दिवसांपूर्वी शिंगाळा माशाचा काटा सरूबाईच्या उजव्या तळव्यात आरपार घुसला, हात भोपळ्यासारखा सुजला आणि डॉक्टरांनी पाणी, बर्फ, कोयता सगळं बंद केलं. तेव्हापासून रोज सकाळी मनोरीहून फेरीबोटीने मार्वेला यायचं, टोपल्या रिक्षात घालायच्या, बाराला बाजारातून उठायचं, लिंबू चोळून हात धुवायचे आणि एकच्या लेक्चरला कॉलेजात बसायचं, हे कल्पिताच्या गळ्यात आलं होतं. शेवटच्या वर्षाला होती ती. वर्गात बाजूची मुलगी खिडकी उघडायची तेव्हा कल्पिताच्या डोक्यात तिडीक जायची. त्या मुलीला उकडत असेल, हे तिच्या मनात यायचंही नाही.

आज शुक्रवार होता. उद्या शनिवार, आणि उद्याच्या विचारानेच बर्फ फुटत होता.

त्याचं मूळ एका जाड पुस्तकात होतं. विद्याधर सर व्यक्तिमत्त्व विकास शिकवायचे. त्यांनी सगळ्या वर्गाला ते पुस्तक वाचायला लावलं आणि 'स्वावलंबन आणि मी' या विषयावर पाच पानांचं चिंतन लिहून मागितलं. पुस्तकात प्रत्येक प्रकरणात एक बाप्या खिशात काही नसताना घर सोडायचा आणि शेवटच्या पानावर एकटाच शिखरावर उभा असायचा. त्याचा डबा कोण करत होतं, त्याचे कपडे कोण धूत होतं, हे एकाही प्रकरणात नव्हतं. कल्पिताला ते पुस्तक मनापासून आवडलं नाही. तरी तिने ते दोनदा वाचलं, कारण बंगळूरच्या एका संस्थेची वर्षभराची फेलोशिप होती आणि तिला सरांचं शिफारसपत्र लागत होतं. तिथे राहायला खोली मिळणार होती. स्वतःची खोली, आतून कडी लागणारी. मनोरीच्या घरात ती जाळ्यांच्या ढिगाला टेकून अभ्यास करायची आणि कोणीही उठून यायचं, तिला जरा सरक म्हणायचं.

पहिल्या खेपेला तिने खरं लिहिलं. बारावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी पाणी इतकं ओसरलं होतं की फेरी धक्क्याला लागेना. वडील, धर्मा, बोटीवर होते. सरूबाईने आळीत हाका मारल्या. सहा बायका आल्या, त्यांत रोशनीकाकीही. कल्पिताला एका लहान होडीत बसवलं, गणवेशाला चिखल लागू नये म्हणून खाली गोणपाट अंथरलं, आणि त्या सहाजणींनी कमरेइतक्या चिखलातून ती होडी पाण्यापर्यंत ढकलत नेली. मग सरूबाई आणि रोशनीकाकी वर चढल्या आणि मार्वेपर्यंत वल्हवत गेल्या. कल्पिता हॉलतिकीट छातीशी धरून बसली होती. स्वावलंबन म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, तिने लिहिलं, पण मी पेपरला पोहोचले ती अशी.

सरांनी कागद परत केले. समासात लाल शाईने लिहिलं होतं: 'यात तू कुठे आहेस? तू तर नुसती बसली आहेस.'

ते वाक्य झोंबलं, कारण ते खरं होतं. ती बसलीच तर होती. आठवडाभर तिच्या मनातून ते जाईना. तिला सरांचा राग आला, पुस्तकाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या सहा बायकांचा आला. कोणी सांगितलं होतं ढकलायला?

मग अर्ध्या तासात तिने दुसरं चिंतन लिहिलं. आई मला शिकू देत नव्हती. तिने माझी पुस्तकं बर्फाच्या पेटीत टाकली. मी चोरून अभ्यास केला. पेपरच्या दिवशी कोणी आलं नाही, मी एकटीने होडी वल्हवत मार्वे गाठलं. घ्या. हवं ते घ्या. मनोरीतलं शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं, पण सर कुठे मनोरीचे होते? त्यांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावून पाठ थोपटली. शनिवारी सभागृहात, संस्थेची माणसं समोर असताना, तिने ते वाचायचं होतं. पत्रावर सही त्यानंतर तिथेच, मंचावर.

"गिऱ्हाईक बघ," रोशनीकाकी म्हणाली.

कल्पिताने मान वर केली. समोर विद्याधर सर उभे होते, हातात कापडी पिशवी, विजार घोट्याच्या वर दुमडलेली.

ओल्या फरशीवर पाय जपून टाकत ते जवळ आले. आधी त्यांनी पापलेटं पाहिली, मग तिला. त्यांचा चेहरा फुलला. इथे बसतेस होय, म्हणाले, बोलली नाहीस कधी. त्यांनी पापलेटाचा भाव विचारला, तिने सांगितला, त्यांनी तो अर्ध्यावर आणला. स्वाभिमानावर तासभर बोलणारा माणूस पापलेटाचे कल्ले उचकटून बघत होता. तिने ओठ मिटून भाव जरा खाली आणला. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"कोयता घे हातात. हसू नकोस. उद्या तू वाचत असताना मागे पडद्यावर हा फोटो दाखवू."

"नको सर."

"अगं, लाजायचं काय त्यात? हीच तर तुझी ताकद. घे, कोयता घे."

"नको म्हटलं ना."

सर हसले. सातवं प्रकरण पाठ झालेलं दिसतंय, म्हणाले. सातवं प्रकरण नकार द्यायला शिकण्याबद्दल होतं. विद्याधर सरांना नकार हा पुस्तकात फार आवडायचा. त्यांनी मोबाईल खाली घेतला नाही.

कल्पिताने ओलं गोणपाट उचललं आणि पापलेटांवर टाकलं.

"मासळी विकायची नाही," ती म्हणाली.

रोशनीकाकीचा कोयता हवेतच थांबला. पलीकडच्या दोघी वळून बघायला लागल्या. बोहनी व्हायची होती. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कसंही असो, घासाघीस करो, टोचून बोलो, त्याला रिकाम्या हाताने परतवायचं नाही. तोटा झाला तरी चालेल, पण काहीतरी त्याच्या पिशवीत पडलंच पाहिजे. एका जागेवरून बोहनी परत गेली की सगळ्या ओळीचा दिवस खराब, असं इथल्या बायका मानतात. तीस वर्षांत सरूबाईने एकही बोहनी परतवली नव्हती. एकदा एका दारुड्याने फक्त एक मांदेली मागितली, तर तिने ती कागदात बांधून दिली होती.

सर वळले. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. उद्या बोलू, एवढंच ते म्हणाले. त्या दोन शब्दांत पत्र होतं, खोली होती आणि खोलीची कडी होती, हे कल्पिताला तेवढ्यात कळलं.

"शेट, ओ शेट. रिकामे कुठे चाललात?"

दारातून सरूबाई येत होती. पट्टी बदलून आली होती, हातावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. तिने गोणपाट बघितलं, पोरीचं तोंड बघितलं आणि काय झालं असेल ते ओळखलं. डाव्या हाताने तिने गोणपाट ओढलं आणि दोन पापलेटं काढून सरांसमोर धरली. ते देतील त्या भावाला.

सर विरघळले. त्यांनी आपली ओळख सांगितली, हात जोडले. मग, चांगल्या मनानेच, समजुतीच्या सुरात बोलायला लागले. झालं ते झालं, म्हणाले. पण आता पोरीला अडवू नका. तुम्ही तिची पुस्तकं बर्फात टाकलीत, तरी ती शिकली. तिने सगळं लिहिलंय.

सरूबाई ऐकत होती. पापलेटं तिच्या हातातच होती.

"आणि तो पेपरचा दिवस," सर म्हणाले. "कोणी आलं नाही सोबत, आणि ही एवढीशी पोर एकटीने होडी वल्हवत गेली. वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आई."

रोशनीकाकीने कोयता खाली ठेवला. त्या दिवशी चिखलात तिच्या पायातलं चांदीचं जोडवं गेलं होतं. दोन ओहोट्या ती शोधत फिरली, मिळालं नाही. तिने तोंड उघडलं. सरूबाईने पट्टी बांधलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

कल्पिता फरशीकडे बघत होती. माशांच्या खवल्यांत तिच्या चपला रुतल्या होत्या. आता आई बोलेल, सगळा बाजार जमेल, पत्राची वाट लागेल. लागू दे, असंही तिला एक क्षण वाटलं.

"हो ना," सरूबाई म्हणाली. "एकटीच गेली ती. आमी कोण नव्हतो."

सरांनी मान डोलावली. मग फोटोचं पुन्हा निघालं. तुम्हीही या आई, लेकीच्या बाजूला उभ्या राहा, त्यांनी आग्रह केला.

"आमी कशाला? तिचा एकटीचाच काढा."

सरूबाईने रोशनीकाकीला कोपराला धरून उठवलं. दोघी चार पावलं मागे सरकल्या. जाताना सरूबाईने स्वतःची टोपली पायाने बाजूला ओढली, चित्रात यायला नको म्हणून. कल्पिताने कोयता हातात घेतला. तिला हसू नको म्हणून सांगावं लागलं नाही.

फोटो झाला. सरांनी पैसे दिले. सरूबाईने नोट कपाळाला लावली, मासळीवरून फिरवली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. बोहनी झाली. ओळीतल्या बायका आपापल्या कामाला लागल्या.

सर दाराबाहेर गेले. आई डाव्या हाताने गोणपाटाची घडी घालायला लागली. रोशनीकाकी मात्र कोळंबी सोलता सोलता पुटपुटत होती, माझं जोडवं काय पुस्तकाने नेलं का म्हणून. शेवटी कल्पिताला राहवेना.

"खोटं का बोललीस?"

"बोहनी व्हती."

"आई, मी मुद्दाम नाही लिहिलं. पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं गं. त्यांना ते नको होतं. पत्र पायजे मला, तुला माहीत नाही किती—"

"ऊठ," सरूबाई म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर कल्पितालाही ओरडता आलं असतं, रोजच्यासारखं. ती उठली. सरूबाई तिच्या जागेवर बसली आणि डावा हात पुढे केला. कल्पिताने त्यात कोयता दिला.

"उद्या येऊ नको. उद्या तुझा कार्यक्रम हाय. परवाही येऊ नको."

"आणि तू कशी करणार? हात बघ तुझा."

"पेपरला तू एकटी गेलीस ना? मग मीपण एकटी बसते."

एकटी म्हणायला फक्त. रोशनीकाकी सरकून जवळ आली, सुरमई दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि सरूबाईने डाव्या हाताने कोयता चालवला. पहिला घाव चुकला. दुसरा लागला. पलीकडची बाई उठून बर्फ सारखा करायला लागली. कोणी कोणाला हाक मारली नव्हती.

कल्पिता नळावर गेली. लिंबू चोळलं, साबण लावला, नखं घासली. साडेनऊच वाजले होते. कॉलेजला साडेतीन तास होते आणि अख्ख्या बाजारात तिला कोणी जरा सरक म्हणणारं उरलं नव्हतं. सॅकमध्ये दुसरं चिंतन होतं, पाच पानं, वर सरांचा लाल ताऱ्यांचा शेरा. त्याच्याखाली पहिलं, मधोमध दुमडलेलं. ती दोन्ही हातांत घेऊन उभी राहिली, मग पुन्हा सॅकमध्ये घातली.

ती परत आली तेव्हा जागेसमोर गिऱ्हाईकं होती. एवढ्या वर्षांत ती कधी या बाजूला उभी राहिली नव्हती. ती दोन बायकांच्या मागे थांबली. त्यांचं झालं, त्या निघाल्या, आणि ती आईच्या समोर आली. सरूबाईच्या पट्टीला रक्त आलं होतं.

"आई, कोयता दे."

सरूबाईने मान वर केली. तिने कल्पिताचे धुतलेले हात बघितले, मग तोंड बघितलं, आणि तीस वर्षं सगळ्यांशी बोलते त्याच गोड आवाजात म्हणाली,

"बोला ताई, काय देऊ?"

मागच्या बाईने पिशवी पुढे सरकवली आणि तुमचं झालं असेल तर बाजूला व्हा, म्हणाली. कल्पिता बाजूला झाली, आणि जाऊन पुन्हा सगळ्यांच्या मागे उभी राहिली.